उन्हाने खरखरीत झालेली जागा बोटांनी ओळखा

नमस्कार. हर्णैपासून मालवणपर्यंत रापण ओढणारी, मासळी वाळत घालणारी आणि आंबा-काजूच्या बागांत राबणारी माणसे वर्षानुवर्षे ऊन अंगावर घेतात. त्या उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेच्या पेशींतील डीएनएला इजा होते आणि ती साठत गेली, की काही जणांमध्ये कर्करोगाच्या आधीची एक अवस्था निर्माण होते. तिला ॲक्टिनिक केराटोसिस म्हणतात.

सावळ्या त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे हा विकार आपल्याकडे गोऱ्या वर्णाच्या लोकांपेक्षा कमी आढळतो, त्यामुळे सरसकट घाबरण्याचे कारण नाही. मात्र ज्यांच्या त्वचेत जन्मतःच रंगद्रव्य नसते, त्यांना धोका फार मोठा असतो. अशा मुलांना भर उन्हात खेळायला सोडू नये, हे मी कळकळीने सांगते.

ही जागा डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. कानाची वरची कड, टक्कल, कपाळ, नाक आणि हाताची मागची बाजू यांवरून बोट फिरवल्यास पॉलिश पेपरसारखा खरखरीत ठिपका लागतो आणि त्यावरची खपली काढली तरी पुन्हा धरते. खालचा ओठ तर हमखास दुर्लक्षित राहतो: तो सतत कोरडा व पांढुरका राहत असेल, त्याची कड पुसट होत असेल, तर तपासणी करून घ्यावी, आणि तंबाखूची सवय असल्यास अधिकच लवकर. असा प्रत्येक ठिपका कर्करोगात बदलत नाही; परंतु तो जाड झाला, दुखू लागला, त्यातून रक्त आले किंवा जखम भरेनाशी झाली, तर थांबू नये. त्यावर चुना किंवा बिब्बा मुळीच लावू नका, कारण त्वचा भाजते आणि मूळ खूण ओळखणे कठीण होते.

सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेतले ऊन शक्य तितके टाळावे. पुढेच झाप असलेल्या टोपीने कान उघडे राहतात, म्हणून चहूबाजूंनी रुंद कड असलेली टोपी घ्यावी. भिजलेल्या पातळ सुती कापडातून किरणे अधिक आत येतात. घट्ट विणीचे, पूर्ण बाह्यांचे कपडे बरे. कोरडी वाळू सुमारे 15 टक्के आणि लाटांचा फेस सुमारे 25 टक्के अतिनील किरणे परतवतो, त्यामुळे किनाऱ्यावर सावलीतही एसपीएफ (उन्हापासून संरक्षण दाखवणारा आकडा) 30 किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन लावावे आणि दर दोन तासांनी, तसेच घाम आल्यावर, पुन्हा लावावे.

त्वचारोगतज्ज्ञ असा ठिपका द्रवरूप नायट्रोजनने गोठवतात किंवा लावायला क्रीम देतात; शंका वाटल्यास छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवतात.