घरपोच गाडी धुताना पाणी कुणाचे, वीज कुणाची?

मित्रहो, दर्यापूर तालुक्यातल्या गावांमध्ये चारचाकी गाड्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग घरी येऊन गाडी धुऊन, आतून झाडून-पुसून, पॉलिश करून देणारी तुमच्यासारखी तरुण मंडळीही आली. आज इथे बसलेल्यांपैकी अनेकांना मी वीजतंत्रीचा अभ्यासक्रम शिकवला आहे, आणि त्याच नात्याने तुम्ही मला हा प्रश्न विचारला याचे मला समाधान वाटते. गिऱ्हाइकाच्या अंगणात काम करताना पाणी आणि वीज त्याचीच वापरावी की आपली न्यावी, असा तो प्रश्न आहे. माझ्या मते पाणी बाराही महिने आपलेच न्यावे. वीज मात्र विचारून, तपासून आणि हिशेबात धरून घरमालकाची घ्यायला हरकत नाही.

आपण खारपाणपट्ट्यात राहतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे आहे, आणि बोअर आणखी खोल नेला म्हणून ते गोड होत नाही. पिण्याचे पाणी शहानूर धरणातून नळाने येते, पण ते रोज येईलच असा भरवसा नसतो. म्हणून आपल्याकडे घरातली टाकी ही नळ सोडला की पाणी देणारी वस्तू नसून पुढच्या पाण्याच्या पाळीपर्यंत पुरवून वापरायचा साठा असते.

एका मे महिन्यात मी थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. भाच्याने फोन करून गाडी धुणाऱ्याला बोलावले. तो मुलगा मेहनती होता, त्याने काम मनापासून केले. परंतु त्याने अंगणातल्या टाकीला नळी लावली आणि पंधरा-वीस मिनिटे ती चालू ठेवली. भाच्याने त्याला ‘पाणी आहे, वापर’ असे सांगितलेही होते. संध्याकाळी बहीण शेजारच्या घरून दोन गुंड्या पाणी घेऊन आली, आणि कुणाला एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून मला वाटत आले आहे की गाडी ज्याची असते त्याची परवानगी आणि पाणी जी भरते तिची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या गावांत पाणी भरण्याचे काम बहुतेक घरांत बायकाच करतात, आणि गाडी धुणाऱ्याशी फोनवर बोलणारा बहुतेक वेळा पुरुष असतो. परवानगी मिळाली, असे समजून तुम्ही नळी लावता. पण ती ज्या व्यक्तीने द्यायला हवी होती, तिला कुणी विचारलेलेच नसते.

आता आकडे पाहू. साध्या नळीतून मिनिटाला १५ लिटर पाणी जाते असे धरले, तर पंधरा मिनिटांत २२५ लिटर पाणी वाहून जाते. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण ठरवले आहे. म्हणजे चार माणसांच्या कुटुंबाचे दिवसभराचे पाणी एका गाडीवर गेले. हीच गाडी प्रेशर पंपाने, मधे मधे फवाऱ्याची बंदूक बंद ठेवून धुतली, तर मिनिटाला सहा लिटर या हिशेबाने दहा मिनिटांत ६० लिटर लागतात. उन्हाळ्यात गाडीवर नुसती कोरडी धूळ असताना बादलीभर पाण्यात, नंतर पाण्याने धुवावे न लागणारे पुसण्याचे द्रावण मिसळून आणि मायक्रोफायबरची स्वच्छ फडकी वापरून दहा लिटरमध्येही काम होते. काळ्या मातीचा चिखल वाळून चिकटला असेल तेव्हा मात्र असे पुसू नका, कारण मातीतले खडे रंगावर ओरखडे पाडतात. पण तो चिखल पावसाळ्यातला असतो, आणि तेव्हा पाण्याची अडचणही कमी असते.

शिवाय हा प्रश्न तुमच्या कामाच्या दर्जाचाही आहे. खाऱ्या आणि जड पाण्यात क्षार असतात. ४५ अंशांच्या उन्हात तापलेल्या बॉनेटवर ते पाणी पुसण्याआधीच सुकते आणि पांढरे डाग मागे ठेवते. असे डाग बरेच दिवस राहिले तर ते रंगात मुरतात, आणि गिऱ्हाईक दोष बोअरला न देता तुम्हाला देते. पाणी तुमच्याच टाकीतले असेल, तर ते कसे आहे हे तुम्हाला आधीच ठाऊक असते. पावसाचे पाणी या कामाला फार चांगले, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात. १०० चौरस मीटर टिनाच्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी मिळते. ज्याच्या घरावर टिना आहेत त्याने पन्हाळ लावून ते साठवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

टाकी वाहून नेण्याचा खर्च आहे, हे मी नाकारत नाही. ३०० लिटर पाणी म्हणजे ३०० किलो वजन, आणि अर्धी भरलेली टाकी वळणावर मालवाहू ऑटोला एका अंगाला ओढते. म्हणून आतून आडव्या पट्ट्या असलेली, ठेंगणी टाकी घ्या आणि ती घट्ट आवळून बांधा. एवढ्या पाण्यात प्रेशर पंपाने पाच गाड्या होतात. ही टाकी गावच्या सार्वजनिक नळावर किंवा हापशीवर भरू नका. शेतातल्या पंपावरही भरू नका : साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज मिळते ती शेतीसाठी, आणि मंजूर कारणाहून वेगळ्या कारणासाठी वीज वापरणे हा २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो. त्याचा भुर्दंड शेतकऱ्याच्या नावावर निघेल.

विजेकडे वळतो. दीड किलोवॉटचा पंप वीस मिनिटे चालला तर अर्धे युनिट, आणि बाराशे वॉटचा व्हॅक्यूम अर्धा तास चालला तर ०.६ युनिट, म्हणजे एका गाडीला सव्वा युनिटदेखील लागत नाही. ही वीज कुणी डोक्यावर वाहून आणलेली नसते, आणि तिचे पैसे बिलातून सरळ वजा करता येतात. म्हणून मी तिला पाण्याच्या पंक्तीत बसवत नाही. जनरेटर फिरवण्यापेक्षा हे स्वस्त आहे, आणि पेट्रोलचा धूर व आवाजही दारात येत नाही.

मात्र माझी खरी काळजी वेगळीच आहे. दीड किलोवॉटचा पंप २३० व्होल्टला साडेसहा अँपियर ओढतो, आणि बैठकीतला लहान प्लग सहा अँपियरचा असतो. त्यात पंप लावून बारीक तारेचा एक्स्टेंशन बोर्ड ओल्या अंगणात ओढत नेला की तार तापते, आणि सांधा पाण्यात पडला तर तुमचा जीव जाऊ शकतो. जुन्या घरांत तीन भोकांचा प्लग दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तारच नसते, हे मी स्वतः कितीदा उघडून पाहिले आहे. म्हणून १६ अँपियरचा प्लग मागा, तो नसेल तर पंप लावू नका, बादलीने काम करा. स्वतःच्या बोर्डात ३० मिलिअँपियरची आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज आपोआप तोडणारी कळ, बसवून घ्या. अर्थिंग नसले तरी माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारा प्रवाह ओळखून ती पुरवठा तोडते. फोनवर काम ठरतानाच ‘पाणी मी आणतो, तुमच्याकडे मोठा प्लग आहे का?’ एवढे विचारून घ्या.

ज्यांनी आपले बोर्ड सोबत आणले आहेत त्यांनी ते बाहेरच्या टेबलावर ठेवावेत. मी प्रत्येक बोर्ड उघडून तारेची जाडी आणि सांधे पाहणार आहे, आणि ज्यात आरसीसीबी नाही तो आज परत वापरायला देणार नाही.