१२७० गाड्या आणि एक गाजलेला अपघात: कन्व्हर्टिबल सेफ आहे का हे ठरवायचं कसं?

नमस्कार मंडळी! समृद्धी सुरू झाला तेव्हापासून आपल्या नागपुरात सेकंडहँड स्पोर्ट्स कारबद्दल विचारणारे खूप वाढले, त्यातही कन्व्हर्टिबल, छत उघडणारी टू-सीटर, आणि सगळे एकच विचारून राहिले, भाऊ ही गाडी सेफ आहे का? आणि त्यांना उत्तरं मिळतात दोनच. एक म्हणजे "त्या गाडीत तो हॉलिवूडचा हिरो गेला ना बाप्पा, हातच नको लावू", नाहीतर मग "या मॉडेलमध्ये कोणी गेल्याचं ऐकलं नाही, बिनधास्त घे". माझं स्पष्ट मत आहे की दोन्ही उत्तरं चूक आहेत, आणि काऊन चूक आहेत ते आज हिशोब करून दाखवतो.

पोर्शे करेरा जीटी घ्या. ५.७ लिटरचं व्ही-१० इंजिन, ६१२ पीएस, छताचे पॅनल काढून ठेवता येतात, आणि जगभरात मिळून बनल्या फक्त १२७०. ३० नोव्हेंबर २०१३ ला कॅलिफोर्नियात याच गाडीत पॉल वॉकर गेला. तो बाजूच्या सीटवर होता, चालवणारा त्याचा मित्र होता, तोही गेला. तेव्हापासून ही गाडी "खुनी" म्हणूनच ओळखल्या जाते.

आता हिशोब बघा. अमेरिकेत आयआयएचएस नावाची संस्था आहे, विमा कंपन्यांच्या पैशावर चालते, ती कोणत्या मॉडेलमध्ये किती ड्रायव्हर दगावले ते काढते. एक गाडी एक वर्ष रजिस्टर राहिली की झालं एक गाडी-वर्ष. २०२० च्या मॉडेल्सची सरासरी होती दहा लाख गाडी-वर्षांमागे ३८ मृत्यू. आता १२७० गाड्या दहा वर्षं धरल्या तर होतात १२,७०० गाडी-वर्षं, म्हणजे अगदी साध्या, सरासरी गाडीच्या दराने सुद्धा दहा वर्षांत अपेक्षित मृत्यू किती, तर अर्धा! अर्धा माणूस तर मरत नाही ना. शून्य झाले तर गाडी देवासारखी दिसते, एक झाला की लगेच सरासरीच्या दुप्पट, आणि दोन्ही वेळेस गाडी तीच असते. म्हणूनच ही संस्था किमान १ लाख गाडी-वर्षं किंवा २० मृत्यू झाल्याशिवाय त्या मॉडेलचा दर छापतच नाही. करेरा जीटीच्या जगातल्या सगळ्या गाड्या धरल्या, एकही भंगारात गेली नाही असं मानलं, तरी १ लाख व्हायला जवळपास ७९ वर्षं लागतील.

बरं, मग सगळ्या कन्व्हर्टिबल एकत्र करून बघू. तेही २०२० मध्ये याच संस्थेने केलं. बंद छताच्या गाड्यांपेक्षा तेवढ्याच मैलांमागे अपघात ६ टक्के कमी निघाले, ड्रायव्हरचे मृत्यू ११ टक्के कमी, पण हा फरक संख्याशास्त्राच्या हिशोबाने पक्का म्हणता येईल एवढा मोठा नव्हता. आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, दगावलेल्या ड्रायव्हरपैकी गाडीबाहेर फेकले गेलेले कन्व्हर्टिबलमध्ये २१ टक्के होते, बंद छताच्या गाड्यांत १७. त्यामुळे छत उघडं असो की बंद, सीटबेल्ट लावा, कृपा करून लावा.

मग रेकॉर्ड काही सांगत नसेल तर बघायचं काय? गाडीच बघायची. सीटच्या मागे रोलबार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी मजबूत दांडी आहे का, पक्का आहे की गाडी उलटताना वर येणारा, १९८९ च्या मर्सिडीज एसएलमध्ये आला तसा. हे आवर्जून विचारा, कारण अमेरिकेत छत किती वजन झेलतं त्याचा जो नियम आहे त्यातून कन्व्हर्टिबलला सूट आहे. मग ईएससी, म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणारी सिस्टिम. करेरा जीटीत ती नव्हतीच, आणि माझ्यासाठी ही बाब कुठल्याही मृत्यूच्या आकड्यापेक्षा जास्त बोलकी आहे. त्याच प्रकारची जास्त खपाची गाडी क्रॅश टेस्टला गेली का तेही बघा, युरो एनकॅप या युरोपातल्या क्रॅश टेस्टमध्ये २०१५ ला माझदा एमएक्स-५ ला ४ स्टार मिळाले, २०१९ ला बीएमडब्ल्यू झी-४ ला ५. फक्त वेगवेगळ्या वर्षांचे स्टार समोरासमोर ठेवू नका, टेस्ट दरवेळी कडक होत जाते.

आणि टायर. वॉकरच्या अपघातात तपास करणाऱ्यांना गाडीत यांत्रिक बिघाड सापडला नाही, सापडलं ते हे की ताशी ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी १२९ ते १५० च्या दरम्यान होती, आणि टायर होते ९ वर्षं जुने. अशा गाड्या वर्षभर गॅरेजमध्ये उभ्या असतात, टायर झिजत नाहीत म्हणून कोणी बदलत नाही, पण रबर वयाने कडक होतं, उन्हात अजून लवकर, आणि आपला मे महिना तुम्हाला सांगायची गरज नाही. तो टायर घेऊन कोणी शिवमडक्याहून समृद्धीवर चढतो आणि १२० ने निघतो, तर मला खरंच भीती वाटते.

टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्याचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१६ असेल तर २०१६ चा तेविसावा आठवडा. विकणारा म्हणेल भाऊ, नक्षी तर नवीनसारखी आहे, तरी चारही टायर बदलून द्या म्हणा किंवा तेवढी किंमत कमी करून घ्या, आणि नवीन टायर बसल्याशिवाय टेस्ट ड्राइव्हसाठी हायवेला जाऊ नका.