गोळा गेला, स्टेशन गेलं

(चिपळूणमधील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय ‘शकुंतला रेल्वेची बंद स्टेशनं’ असा छापलाय. त्याकडे येतोच. आधी गोळा.

क्रॉसिंग म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. समोरची गाडी येईस्तोवर दोन वडापाव होतात. (हशा) पण सिंगल लाइनवर समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून जुनी सोय होती पोलादी गोळ्याची, म्हणजे टोकनची. शेजारच्या दोन स्टेशनांत एकेक यंत्र, तारेनं जोडलेलं. अलीकडचा मास्तर घंटी देतो, पलीकडचा कबूल करून वीज सोडतो, तेव्हा गोळा सुटतो. तो दोहोंपैकी एका यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा निघतच नाही. मग गोळा चामडी पाकिटात, पाकीट मोठ्या कडीला. पोर्टर कडी उंच धरतो, इंजिनातला माणूस चालत्या गाडीतून तीत हात घालतो आणि मागच्या सेक्शनची, म्हणजे मागच्या दोन स्टेशनांमधल्या टप्प्याची, कडी खाली टाकतो. गोळ्यावर स्टेशनांची नावं कोरलेली. ड्रायव्हरनं ती वाचायचीच. शेजारच्या सेक्शनचा गोळा चुकून यंत्रात घालू म्हटलं तर बसत नाही, खाचा वेगळ्या.

आता बिघाड. एकाच दिशेला गाड्या जास्त गेल्या की गोळे एका टोकाला साठतात, दुसरं टोक रिकामं. गणपती झाल्यावरचं कोकण! (हशा) मास्तरला यंत्र उघडायची मुभा नाही. सिग्नलचा माणूस येतो, कुलूप काढतो, गोळे मोजतो, वहीत नोंद करून पलीकडे नेतो. ड्रायव्हर गोळा घेऊनच पुढे गेला तर यंत्र मुकं. मग दोन मास्तरांनी फोनवर खुणेचे खासगी नंबर देऊन-घेऊन हातानं लिहिलेली कागदी लाइन क्लिअर, म्हणजे पुढे जायची परवानगी. गाड्यांचं वेळापत्रक तिथेच कोसळतं.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. बरं.

स्टेशन मरतं ते गोळा जातो त्या दिवशी. गाड्या कमी झाल्या की मास्तर, पोर्टर, लूपचे (गाडी बाजूला घ्यायच्या जादा रुळाचे) सांधे यांचा खर्च डोळ्यांवर येतो. यंत्र उचलतात, लूप काढतात, उरतो हॉल्ट, नुसता थांबा. तिकिटं कमिशनवरचा एजंट विकतो. पण आठ-आठ किलोमीटरचे दोन सेक्शन जोडून सोळाचा एक झाला. ताशी 30 नं 16 मिनिटांत मोकळी होणारी लाइन आता 32 मिनिटं अडते. जादा गाडी घालायला जागा नाही, म्हणून घालत नाहीत. गाडी नाही म्हणून उतारू एसटीकडे.

शकुंतला थोडक्यात. विदर्भ, अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ, अरुंद रूळ, दोहोंत अंतर 762 मिलिमीटर, कापसासाठी घातलेले. वाफेचं इंजिन 1994 पर्यंत. स्वातंत्र्यानंतरही मालकी खासगी कंपनीची, गाडी चालवणार सरकार. रुळांवर पैसा कुणी घालायचा हे घोंगडं भिजतच पडलं. वेग उतरत गेला, स्टेशनांवर माणूस उरला नाही, गार्डच उतरून तिकिटं द्यायचा. आता तीही बंद.

पुलगाव–आर्वी लाइनीचं सांगायचं राहिलं. 35 किलोमीटरचीच होती, चहा घेताना सांगतो.