एझिओला इतिहासात जागा कशी मिळाली?

नमस्कार मंडळी! आज बोलूया एझिओ आउदितोरेबद्दल, २००९ साली आलेल्या ‘असॅसिन्स क्रीड २’ या व्हिडिओ गेमच्या नायकाबद्दल. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातल्या एका बँकरचा हा उनाड मुलगा. वडील आणि दोन भाऊ डोळ्यांदेखत फासावर जातात आणि सतरा वर्षांचं हे पोर मारेकऱ्यांच्या पंथात ओढलं जातं. सूडकथा आपण पुष्कळ पाहिल्यात. मला भावतं ते हे, की या काल्पनिक माणसाला खऱ्या इतिहासाच्या फटीत फार विचारपूर्वक बसवलंय.

पात्झी या फ्लॉरेन्समधल्या घराण्याचा कट घ्या. २६ एप्रिल १४७८, रविवार. फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना शहराची सत्ता हाती असलेल्या मेदिची घराण्यातल्या दोन भावांवर हल्ला झाला. धाकटा जुलियानो एकोणीस वार होऊन जागीच गेला. थोरला लोरेन्झो मानेवरच्या जखमेनिशी कसाबसा शेजारच्या खोलीत शिरला आणि सोबत्यांनी ब्राँझची जड दारं लावून घेतली. गेममध्ये हा हल्ला चर्चबाहेर होतो आणि जखमी लोरेन्झोला घरापर्यंत नेतो एझिओ. जुलियानो मरतोच, लोरेन्झो वाचतोच. बदलतो तो फक्त वाचवणारा!

आता एक गोष्ट मला खटकते. जुलियानोच्या मारेकऱ्यांपैकी बेर्नार्दो बारोन्चेल्ली थेट कॉन्स्टँटिनोपलला पळाला होता. सुलतानाने त्याला परत पाठवलं आणि डिसेंबर १४७९ मध्ये फ्लॉरेन्सला त्याला फाशी झाली. लटकणाऱ्या त्या देहाचं चित्र लिओनार्दो दा विंचीने काढलं आणि शेजारी कपड्यांची नोंदही केली: काळ्या सॅटिनची बंडी, कोल्ह्याच्या फरचं अस्तर लावलेला निळा झगा. हाच लिओनार्दो गेममध्ये एझिओचा जिवलग मित्र, त्याचं छुपं पातं दुरुस्त करून देणारा! तरी गेममध्ये बारोन्चेल्लीला एझिओच मारून टाकतो. अहो, खरी हकिगत कितीतरी जास्त थरारक होती!

पण शेवट पाहा. मुख्य खलनायक रोद्रिगो बोर्जा, म्हणजेच पोप अलेक्झांडर सहावा. तो वारला १५०३ मध्ये, आणि गेम संपतो १४९९ मध्ये. म्हणजे एझिओच्या हातून तो मरू शकत नाही. लेखकांनी या अडचणीचं सोनं केलं. व्हॅटिकनखालच्या तळघरात पोप हतबल होऊन पडलाय, आणि चाळिशीचा एझिओ हात आवरतो. याला मारून घरची माणसं परत येणार नाहीत, हे त्याला आता उमगलंय. तेवीस वर्षं ज्याच्यासाठी रान उठवलं, त्याला तो जिवंत सोडून निघून जातो.