बेड नंबर चारचा कागद

(पहाटेचा आयसीयू. मॉनिटरचा हिरवा उजेड. सिस्टरच्या हातातलं पेन.)

पहाटेचे पाच. सिस्टर मॉनिटरकडे बघतात आणि नाडीचे ठोके लिहितात. मग रक्तदाब. पलंगाला अडकवलेली लघवीची पिशवी जरा वर उचलून माप वाचतात, तेही लिहितात. मग खांद्याला हात लावून विचारतात, "काका, डोळे उघडा बरं." काका डोळे उघडतात. त्याचीही नोंद होते.

हा कागद नीट पाहा. पलंगाच्या पायथ्याशी क्लिपबोर्डला लावलेला, टेबलावर पसरला तर अर्धं टेबल व्यापणारा. वर ओळीने चोवीस तास, बाजूला शरीराची यादी. इथे त्याला नुसतं 'चार्ट' म्हणतात. काका वाचतील का, याचा अंदाज डॉक्टर मांडतात तो याच कागदावरून.

(बाहेरचा पॅसेज. सतरंजी, जेवणाचा डबा, भिंतीला टेकून बसलेला मुलगा.)

बाहेर त्यांचा मुलगा दोन रात्री असाच बसून आहे. दार उघडलं की उभा राहतो. डॉक्टर म्हणतात, "दादा, चोवीस तास जाऊ द्या, मग बोलू." हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे, आणि बाहेर बसलेल्याला ते उत्तर टाळल्यासारखंच वाटतं. त्या चोवीस तासांत आत काय चालतं, हे पाहायला आम्ही आत गेलो.

(जुनी छायाचित्रं. १९५२, कोपनहेगन.)

अतिदक्षता विभाग ही कल्पना फार जुनी नाही. १९५२च्या उन्हाळ्यात डेन्मार्कमध्ये पोलिओची साथ आली. कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास बंद पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यायला लावलं. यंत्रं पुरेशी नव्हती. जवळजवळ दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, पोरांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग उघडला.

म्हणजे सुरुवातीला आयसीयू म्हणजे माणसांचे हातच होते. पुढे यंत्रं आली, खाटा वाढल्या, खर्च वाढला. आणि प्रश्न उभा राहिला: इथे आणलेल्यांपैकी किती जण जगतात, आणि ते आधी सांगता येईल का?

१९८१ साली वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातले विल्यम नॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गुणपत्रिका मांडली. नाव 'अपॅची'. तिच्यात ३४ मोजमापं होती. रोजच्या धावपळीत ती भरणं अवघड, म्हणून १९८५ मध्ये त्यांनी ती बारावर आणली. १३ रुग्णालयांतल्या ५,८१५ रुग्णांवर ती तपासली. तीच 'अपॅची टू'. आज नव्या आवृत्त्या आहेत, इतरही गुणपत्रिका आहेत, पण निवासी डॉक्टरांच्या तोंडी अजून हेच नाव जास्त येतं.

(क्लोज-अप: चार्टवरून सरकणारं बोट.)

आता हे बोट बघा. डॉक्टर प्रत्येक ओळीत एकच गोष्ट शोधताहेत: पहिल्या चोवीस तासांतला सगळ्यात वाईट आकडा. सरासरी नको, आत्ताचा नको. सगळ्यात वाईट. तो जितका बिघडलेला, तितके गुण जास्त.

ताप रात्री अकराला १०२.६. ३ गुण. नाडी १२८, त्याचे २. श्वास मिनिटाला ३६, म्हणजे ३. सरासरी रक्तदाब, म्हणजे वरच्या आणि खालच्या आकड्यांतून काढलेला एकच आकडा, पहाटे तीनला ६२ पर्यंत उतरला होता, २ गुण. धमनीतून काढलेल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब ५८, आणखी ३. रक्ताची आम्लता, पीएच ७.२८, २. पांढऱ्या पेशी बावीस हजार, २. सोडियम, पोटॅशियम, मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आणि रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण ठीक, तिथे शून्य.

राहिली शुद्ध. तिचं मोजमाप १९७४ साली ग्लासगोमध्ये ठरलं: डोळे कधी उघडतो, बोलतो काय, सांगितलं तर हात हलवतो का. पूर्ण शुद्धीला १५. काका थोडे बरळत होते, काही विचारलं की मगच डोळे उघडत होते. त्यांना १३ मिळाले, म्हणून २ गुण. सिस्टरांनी तासातासाला "काका, डोळे उघडा" म्हणून घेतलेली नोंद ती हीच.

बेरीज १९. वय ५८, त्याचे ३. आधीचा कुठलाही मोठा जुनाट आजार नाही, म्हणून तिथे शून्य. एकूण २२, जास्तीत जास्त ७१ पैकी. आजार न्यूमोनिया. सूत्रात घातलं की उत्तर येतं: शंभरात साधारण ४२ मृत्यू.

(चार्ट. पहाटे तीनचा रकाना.)

इथे थांबायला हवं. हा पहाटे तीनचा ६२ कुणी लिहिला? त्या वेळी शेजारच्या बेडचा औषधाचा पंप वाजत होता, एक सलाईन संपलं होतं, आणि सिस्टर एकट्या होत्या. तरी रकाना भरलेला आहे. तो रिकामा राहिला असता तर गुणपत्रिकेला तो उतार कळलाच नसता. तपासणीच झालेली नसेल तर तो आकडा सहसा नॉर्मल धरला जातो. कागदावर रुग्ण बरा दिसतो, पलंगावर तो तसा नसतो. सगळं गणित या एका माणसाच्या जागरणावर उभं आहे, आणि गुणपत्रिकेत कुठेही तिच्या सहीसाठी जागा नाही.

आणि ४२ म्हणजे काय? काका ४२ टक्के मरणार आहेत असा त्याचा अर्थ नाही. एक माणूस जगतो किंवा जातो. अशा आजाराचे, इतक्या गुणांचे शंभर रुग्ण आले तर साधारण इतके दगावतील, एवढंच तो आकडा सांगतो. काका त्या ४२ मधले की उरलेल्या ५८ मधले, हे त्याला ठाऊक नाही. गुणपत्रिका तयार झाली ती मुळात रुग्णांच्या गटांची तुलना करायला.

ती तुलना १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. नॉस यांच्या गटाने अमेरिकेतली १३ मोठी रुग्णालयं घेतली, ५,०३० रुग्ण घेतले. गुणांवरून किती मृत्यू अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात किती झाले, हे शेजारी शेजारी मांडलं. एका ठिकाणी ६९ मृत्यू अपेक्षित होते, झाले ४१. दुसऱ्या एका ठिकाणी अपेक्षेपेक्षा ५८ टक्के जास्त झाले. मग त्यांनी कारण शोधलं. महागडे उपचार? शिकवणारं मोठं कॉलेज? कारभाराची रचना? या कशाहीपेक्षा फरकाचा जास्त संबंध दिसला तो तिथल्या माणसांच्या आपसातल्या समन्वयाशी. डॉक्टर आणि परिचारिका एकमेकांशी किती आणि कसं बोलतात, याच्याशी.

(सकाळचे सात. दोन सिस्टर बेडजवळ उभ्या.)

हे त्यातलंच बोलणं. इथे याला 'ओव्हर' म्हणतात. रात्रपाळीच्या सिस्टर सांगताहेत: तीनला बीपी पडलं, सरांना फोन केला, औषधाचा वेग वाढवला, चारनंतर सुधारलं. दिवसपाळीच्या सिस्टर फक्त ऐकत नाहीत, पंपावरचा आकडा बोटाने तपासून बघताहेत. निवासी डॉक्टर मधेच विचारतात, "सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?" हा प्रश्न प्रत्येक आयसीयूत, प्रत्येक सकाळी विचारला जावा, म्हणून ही फिल्म आम्ही केली.

आता संगणक हे गणित पापणी लवते न लवते तोवर करतात. त्यांनाही असाच एक धडा मिळाला आहे. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या न्यूमोनियाच्या नोंदींवर शिकवलेल्या एका प्रणालीने निष्कर्ष काढला: दम्याच्या रुग्णांना धोका कमी. वैद्यकशास्त्र उलट सांगतं. झालं असं होतं की दमा आहे म्हटल्यावर डॉक्टर त्यांना थेट आयसीयूत नेत होते, जीव लावून सांभाळत होते, म्हणून ते वाचत होते. यंत्राला शेवट दिसला, मधली धावपळ दिसली नाही.

या आकड्यांवरून खाट कुणाला द्यायची, उपचार कधी थांबवायचे, घर किती दिवस कर्ज काढत राहणार, असे पुढचे प्रश्न निघतात. उपचार थांबवण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मार्ग आखून दिला आणि २०२३ मध्ये तो सोपा केला.

(पॅसेज. डॉक्टर मुलाशेजारी बाकावर बसलेले. आवाज नाही.)

चोवीस तास झाले आहेत.

(टेबलावर पिन मारलेले चार्ट.)

काकांना नवव्या दिवशी वॉर्डात हलवलं. तेव्हा आमचा कॅमेरा तिथे नव्हता. आमच्याकडे आहेत ते हे नऊ कागद. शेवटच्या कागदावर सकाळी अकराच्या रकान्यात लिहिलंय: 'पेशंट शुद्धीवर. चहा मागितला. वॉर्डात शिफ्ट केले, मुलाला कळवले.' खाली सिस्टरांची सही.