शेजारचा मुलगा आणि मधली पंधरा वर्षं

नमस्कार मंडळी. डिसेंबर लागला की घरोघरी तेच सुरू होतं बघा, सुट्टीतल्या लव्हस्टोऱ्या. बर्फ, दिवे, आणि लहानपणीचा मित्र शहरातून घरी येतो, पुढचं तुम्हाला पाठच आहे. मला आवडतात हो हे पिक्चर, उगाच नाकं कशाला मुरडायची.

पण एक गोष्ट बघा, यातले दोघं सलग एकत्र वाढलेत असं सहसा होतच नाही, मध्ये कुणीतरी एक गाव सोडतोच. वेस्टरमार्क म्हणून फिनलंडचा एक अभ्यासक होता, त्याने १८९१ साली लिहिलं की अगदी लहानपणापासून एका घरात वाढलेल्यांना मोठेपणी एकमेकांबद्दल तसलं काही वाटत नाही. पुढे इस्रायलमधल्या किबुत्झ वस्त्यांमधली, जिथे मुलं आईबापांपासून वेगळी, सगळी मिळून एकत्र वाढायची, तिथली २,७६९ लग्नं कुणीतरी तपासली, तर एकाच गटातल्या मुलामुलींची निघाली फक्त १४! आता शेजारी म्हणजे काही एका घरातले नव्हेत, पण आपल्या वाड्यावर जेवायला कोण कुणाकडे आहे हे आईलाही माहीत नसायचं, त्यामुळे फरक तो काय.

म्हणून लेखक लोक दोघांतल्या एकाला दूर पाठवतात. ओळखीचा माणूस थोडा परका झाला की मगच गंमत. 'ऑलवेज बी माय मेबी' हा २०१९ चा पिक्चर आहे ना, त्यात सॅन फ्रान्सिस्कोमधले दोघं शेजारी असेच पंधराएक वर्षांनी भेटतात. ती मोठी शेफ झालीय, आणि शेवटी ती जे हॉटेल काढते ते कुठल्या पदार्थांचं, तर त्याच्या आईने तिला लहानपणी शिकवलेल्या. आई तर केव्हाच गेलेली. मला हिरोपेक्षा ते हॉटेल जास्त आवडलं, खरं सांगते.

आता आपल्याकडे, गोव्यात या. बोटीवर, आखातात, पुण्यात, बंगळुरात, घरटी एक माणूस बाहेर, आणि नाताळला नाहीतर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, परत. म्हणजे पिक्चरची अर्धी तयारी गोव्यात आयतीच आहे, पण पिक्चरवाले इथे येतात आणि कॅमेरा लावतात बागाच्या किनाऱ्यावर नाहीतर शापोऱ्याच्या किल्ल्यावर, प्रेमात पडणार कोण तर दिल्ली-मुंबईची पाहुणी मंडळी, आपण मागे स्कूटर भाड्याने देणारे! अरे, चवथीच्या आदल्या दिवशी सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या घरात या की. तो स्टुलावर चढून केवणीच्या सालीच्या दोराने माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीला, नारळ, सुपारीचे घोस बांधतोय, खाली ती तोरिंग, म्हणजे ते मोठं लिंबासारखं फळ, हातात धरून उभी, आणि त्याची गाठ सुटते, कारण इतकी वर्षं बाहेर काढल्यावर हात कुठून वळणार. ती म्हणते, उतर खाली, मी बांधते. झाला की सीन, अजून काय पाहिजे?

फक्त एक भानगड हे पिक्चर कधी दाखवत नाहीत. नवख्या माणसाशी फिसकटलं तर नंबर ब्लॉक केला की संपलं. इथे फिसकटलं तर दोन आयांचं बोलणं बंद, नेवऱ्यांचे, म्हणजे करंज्यांचे, डबे बंद, आणि विहीर दोघींची एकच. त्यामुळे त्या दोघांपैकी कुणी दोन वर्षं तोंडच उघडत नसेल तर त्याला भित्रा म्हणू नका, तो विहिरीचा विचार करतोय.