दहा चिंचोके, एक मेंढरू

नवापूर तालुका, जिल्हा नंदुरबार. ओट्यावर चपला ओळीने लागल्यात. मुलांनीच लावल्यात. या ख्रिस्ती बालवाडीचा पहिला धडा उंबऱ्याबाहेरच होतो.

आत सगळे गोल करून बसतात. डोळे मिटायचे, हात जोडायचे. प्रार्थना लहानशी: पावसासाठी, आईबापासाठी आणि आज न आलेल्या सोबत्यासाठी. कोण आलं नाही, हे मुलंच सांगतात. हजेरीपुस्तक त्यानंतर उघडतं.

मग डफ वाजतो. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये भजन रुजवण्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा मोठा वाटा. तेच भजन इथे हातवारे करत, उड्या मारत चाललंय. डोकं, खांदे, गुडघे, उजवा, डावा हे सगळं त्यातच शिकून होतं.

आता हा कापडी फळा बघा. चित्रांच्या पाठीला खरखरीत कागद लावलाय, म्हणून ती कापडाला धरून राहतात. गोष्ट आहे हरवलेल्या मेंढराची, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली. मूळ गोष्टीत मेंढरं शंभर. चार वर्षांच्या पोराला शंभर कळत नाहीत, म्हणून बाई दहा चिंचोके मांडतात आणि एक मुठीत लपवतात. मोजा. नऊच! गेलं कुठे? सगळा वर्ग शोधायला उठतो. या घरांमधली बरीच मुलं सुट्टीत शेळ्यांमागे जातात. एक जनावर कमी भरलं की घरात काय होतं, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. बाई गोष्ट आधी मावची या इथल्या बोलीत सांगतात, मग मराठीत. आमच्या मते या वर्गाची सगळी ताकद या क्रमात आहे.

गोष्टीनंतर अक्षर: मेंढराचा ‘म’. ताटात रंगावली नदीची वाळू, त्यात बोट फिरतं. चुकलं तर ताट हलवायचं आणि पुन्हा काढायचं. पेन्सिल हातात येते ती बऱ्याच दिवसांनी.

बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून येतात वार, सूर्य-चंद्र, मासे, पाखरं. त्यासाठी अंगणातून पानं गोळा होतात: पळस, साग, मोह. आणि हे नाटक चांगल्या शोमरोन्याचं, म्हणजे बायबलमधल्या शोमरोन प्रांतातल्या वाटसरूचं. वाटेत एक जखमी पडलाय. दोघं बघून पुढे जातात, तिसरा थांबतो. जुन्या लुगड्याची पट्टी त्याच्या गुडघ्याला बांधली जाते. जखमी व्हायला सगळेच तयार असतात, म्हणून पाळी लावावी लागते. पाळीची वाट बघणं हाही इथे अभ्यासच.

वर्गातल्या लाकडी ठोकळ्यांची गोष्ट जुनी आहे. जर्मनीत फ्रीड्रिश फ्रोबेल या पाद्रीपुत्राने १८३७ मध्ये लहानग्यांसाठी खेळातून शिकवणारी शाळा काढली. १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. रंगीत लोकरी चेंडू आणि ठोकळे ही त्याची साधनं. १८८६ मध्ये पंडिता रमाबाई अमेरिकेला गेल्या, तिथे ही पद्धत शिकल्या आणि मराठीत आणायच्या कामाला लागल्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा उघडली. मराठी मुलांच्या हाती ठोकळे देण्यामागे एका मराठी बाईची एवढी मेहनत आहे, हे आमच्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवं.

इथली सगळीच मुलं ख्रिस्ती घरांतली नाहीत. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही, असं घटनेचं कलम २८ सांगतं. इथे प्रवेशाच्या वेळीच पालकांना विचारलं जातं.

हात धुणं, डबा उघडणं, शेजाऱ्याला भाकरीचा तुकडा देणं. बघत राहा.

जूनमध्ये मोठी मुलं पहिलीला जातात. दिवाळीनंतर काही घरं ऊसतोडीला गुजरातेत निघतात, मुलंही सोबत जातात आणि शिकणं तुटतं. बाईंचं मागणं एकच आहे: तोडीच्या मुक्कामावर, हंगाम संपेपर्यंत, असाच एक वर्ग भरावा.